अर्धपोटे मंडळाचे अण्णा

मैंदर्गीकर अण्णा रस्त्यात भेटले की नमस्कार करत नसत, ‘काय मास्तर, कसं काय’ असंही विचारत नसत. समोरचा माणूस सायकलवर असो, बायकोबरोबर खरेदीला निघालेला असो, नाहीतर कुणाच्या मयताला चाललेला असो, अण्णा त्याला थांबवून एवढंच विचारत, “एष्टु सल?”

एष्टु सल म्हणजे कन्नडात ‘किती वेळा’. आज आतापर्यंत किती वेळा जेवलात, हा त्या प्रश्नाचा पूर्ण अर्थ. उत्तर बोटांनी दिलं तरी चालायचं. दुपारी चारच्या सुमाराला चार बोटं दाखवली तर ते खूश होऊन पुढे जात. तीन दाखवली तर मान हलवत. दोनच दाखवली, तर मात्र भर नव्या पेठेत आपल्याला बाजूला घेत, खांद्यावरच्या खाकी पिशवीतून ज्वारीच्या लाह्यांची पुडी काढत आणि ती आपल्या पोटात गेल्याशिवाय सोडत नसत.

एकदा मी आमच्या हेडमास्तरांबरोबर चाललो होतो. रस्त्याच्या पलीकडून अण्णांनी प्रश्न टाकला आणि मी सवयीनं चार बोटं वर केली. हेडमास्तरांनी त्या बोटांकडे एकवार पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि शिक्षकाच्या चारित्र्यावर पाऊण तास बोलले. शेवटी शेवटी माझ्या ध्यानात आलं, की मी मटका खेळतो आणि तो खाकी पिशवीवाला माणूस आकडे घेत फिरतो, अशी त्यांची खात्री झाली होती. मी सदरा वर करून पोटावरची उभी खूण दाखवली तेव्हा कुठे ते खुर्चीत टेकले.

ती खूण म्हणजे आमच्या मंडळाचं सभासदत्व.

माझं पोट कापलं ते मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी. त्याआधी कितीतरी वर्षं मी चहा आणि काळजी या दोन गोष्टींवर जगत होतो. अल्सर वाढत गेला, आणि एक दिवस वर्गात त्रैराशिक शिकवता शिकवता मी फळ्याला धरून खाली बसलो. डॉक्टरांनी निम्म्याहून जास्त पोट काढून टाकलं. ऑपरेशन उत्तम झालं. त्रास सुरू झाला तो घरी आल्यावर.

पोट लहान झालं की माणसाला वाटीभरच जेवता येतं. तेही दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. जेवताना पाणी प्यायचं नाही. गोड खाल्लं तर अर्ध्या तासात दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. हे सगळं सांभाळता येतं. सांभाळता येत नाहीत ती माणसं. आमच्याकडे पाहुण्याच्या पोटाचा अंदाज पाहुण्याला नसतो, यजमानाला असतो. मेहुण्याच्या घरी मी एका वाटीवर हात धुतले, तर त्याच्या बायकोनं महिनाभर अबोला धरला. चुलत्यांना वाटलं मला कुणी काहीतरी घातलं. शाळेतल्या सहकाऱ्यांना वाटलं मला तो दुसरा, नाव न घेण्याचा रोग आहे आणि मी तो लपवतो आहे. हळूहळू मी बोलावणी टाळायला लागलो. लग्न आलं की माझी कंबर धरायची, बारसं आलं की मला ताप यायचा. माझ्या आजारपणांची माझ्या बायकोलासुद्धा लाज वाटायला लागली होती.

अशात मी तपासणीसाठी दवाखान्यात गेलो असताना बाकावर शेजारी एक उंच, हाडापेरानं मोठा, खाकी कपड्यातला गृहस्थ येऊन बसला. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, हातात वही. त्यानं माझं नाव, पत्ता, ऑपरेशन कधी झालं आणि आता काय काय पचतं, हे सगळं विचारून लिहून घेतलं. मी त्याला दवाखान्याचा कारकून समजलो. आठ दिवसांनी मला पोस्टकार्ड आलं. ‘रविवारी दुपारी चार वाजता रेल्वे क्वार्टरमध्ये यावे. थोडे खाणे आहे. आग्रह होणार नाही. आपला, वि. गु. मैंदर्गीकर, पार्सल ऑफिस.’

‘आग्रह होणार नाही’ हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

स्टेशनामागच्या त्या क्वार्टरला पुढे छोटं अंगण होतं, अंगणात पेरूचं झाड, झाडाखाली सतरंजी. माझ्याआधी तिघं आलेली होती. एक इक्बालभाई, पेठेतले शिंपी. दुसरे नरसय्या, मागावर बसणारे, बोलायला अगदी कमी. तिसरी वळसंगची पारूबाई, शेतातला भाजीपाला घेऊन रोज सोलापूरच्या मंडईत येणारी. तिघांचीही पोटं कापलेली. अण्णा दारात उभे राहून प्रत्येकाला “बर्री, बर्री, कूड्री,” म्हणत होते. या, बसा.

मग घराच्या दाराला लावलेल्या हिरव्या पडद्याखालून एक ताट बाहेर सरकलं. ताटात लहान लहान वाट्या, वाट्यांत मऊ ताकभात, वर जिऱ्याची फोडणी. सगळ्या वाट्या एकसारख्या, अण्णांचीही; त्यांचंही पोट कापलेलं असणार, असं आम्ही धरूनच चाललो. खाल्लं, संपलं, कुणी ‘एवढंच?’ म्हणालं नाही, कुणी ‘आणखी घ्या’ म्हणालं नाही. पारूबाईनं वाटी खाली ठेवली आणि रडायला लागली. म्हणाली, “पोट कापल्यापास्नं पयल्यांदा चार मान्सांत बसून जेवले बगा.”

अर्धपोटे मंडळ हे नाव इक्बालभाईंनी दिलं. अण्णांना ते आवडलं नव्हतं, पण टिकलं.

मंडळाचे नियम अण्णांनी केले. महिन्यातून एकदा जमायचं. ‘घ्या ना’, ‘एवढ्यानं काय होतंय’ आणि ‘माझ्यासाठी’ हे शब्द अंगणात उच्चारायचे नाहीत. ज्याच्या तोंडून निघतील त्यानं उभं राहून गाणं म्हणायचं. नरसय्यांच्या तोंडून एकदा चुकून ‘घ्या ना’ निघालं. ते लाजून लाल झाले, पण उभे राहून एक तेलुगू गाणं इतकं गोड म्हणाले, की पुढच्या खेपेपासून ते मुद्दाम चुकायला लागले. आणि सगळ्यात मोठा नियम ‘साकु’चा. साकु म्हणजे पुरे. एकदा कुणी साकु म्हणालं, की विषय संपला. इक्बालभाई पुढे पुढे घरीसुद्धा साकु म्हणायला लागले. त्यांच्या बेगमला वाटायचं हा एखाद्या औषधाचा अंमल आहे.

वजन हा अण्णांचा दुसरा जीव की प्राण. ऑपरेशननंतर आम्ही सगळेच वाळलो होतो. अण्णा आम्हाला पार्सल ऑफिसात बोलवायचे आणि चादरींचे गठ्ठे तोलायच्या काट्यावर एकेकाला उभं करायचे. “हलू नका, माल हलला की काटा खोटं बोलतो,” असं सांगून वहीत आकडा लिहायचे. कुणाचं अर्धा किलो वाढलं की हमालांना बोलावून सांगायचे. हमालही कौतुकानं बघायचे. इक्बालभाई मात्र या वाढीवर नाराज असत. आम्हा सगळ्यांच्या विजारी त्यांनी आवळून दिल्या होत्या, आणि आता त्या पुन्हा उसवाव्या लागणार होत्या.

एकदा जमलो असताना आपापल्या खुणा दाखवण्याचा विषय निघाला. इक्बालभाईंची खूण वाकडी होती, शिंपी असल्यामुळे त्यांना त्या शिवणीचं फार वाईट वाटायचं. माझी सरळ होती. नरसय्यांची सगळ्यात लांब. अण्णांना म्हटलं, तुमची दाखवा. अण्णा गंभीरपणे म्हणाले, अध्यक्षानं सदरा काढायचा नसतो. आम्ही हसलो आणि ते तिथंच राहिलं.

माझ्या धाकट्या मेहुणीचं लग्न निघालं तेव्हा मी नेहमीप्रमाणे कंबर धरायच्या बेतात होतो. अण्णांनी ते ऐकलं आणि म्हणाले, लग्नाला जायचं. मी येतो. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं, पण ते आले. पंगतीत माझ्या शेजारी बसले आणि बसण्याआधी खिशातून पार्सलला बांधतात तसली एक चिठ्ठी काढून माझ्या सदऱ्याच्या गुंडीला दोऱ्यानं बांधली. तिच्यावर लाल अक्षरांत छापलं होतं, ‘काचसामान. जपून हाताळा.’

जिलबी घेऊन माझे सासरे आले. अण्णांनी माझ्या पानावर आपला पंजा आडवा धरला आणि सावकाश सांगितलं, की या मालाची मर्यादा ठरलेली आहे, ज्यादा भरला तर डबा रुळावरून उतरतो आणि मग जबाबदारी भरणाऱ्यावर येते. सासऱ्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि जिलबी घेऊन पुढे गेले. त्यांच्यामागून मठ्ठा आला, भात आला, व्याही आले, सगळे चिठ्ठी वाचून पुढे गेले. नवऱ्या मुलाकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, की हा मुलीकडचा काही मान आहे का, असेल तर आमच्याही थोरल्या जावयाला बांधा. माझी बायको त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी मनापासून हसली. घरी येताना म्हणाली, ते कोण आहेत त्यांना एकदा जेवायला, म्हणजे वाटीभर जेवायला बोलवा.

अण्णा कधी कुणाकडे जेवायला गेले नाहीत. बोलावलं की म्हणायचे, आमच्या घरात एकटं राहावं लागतं ना.

‘आमच्या घरात’ म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या फार लाजाळू आहेत असं अण्णा सांगत. तीन वर्षांत आम्ही त्यांचा हातच तेवढा पाहिला. हिरव्या बांगड्यांचा, पडद्याखालून ताट सरकवणारा.

थंडीत पारूबाईनं आम्हाला हुरड्याला बोलावलं. अण्णांनी एस. टी. च्या वेळा काढल्या, कोण कुठं बसेल ते ठरवलं, तिखट चटणीवर बंदी घातली आणि दह्याचं मडकं स्वतःच्या मांडीवर धरून वळसंगपर्यंत आणलं. पारूबाईच्या मुलानं आगटी पेटवून ठेवली होती. एवढी पाव्हणी येणार म्हणून त्यानं अर्धं पोतं कणसं काढली होती. आम्ही प्रत्येकी मूठभर हुरडा खाल्ला, चावून चावून खाल्ला, आणि एकापाठोपाठ एक साकु म्हणालो. तो गडी आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत राहिला. मग आईला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, “पाव्हणं रुसलं का काय गं? माजं काय चुकलं?” पारूबाईला हसू आवरेना. शेवटी अण्णांनी त्याला जवळ बसवून पोटाचं सगळं शास्त्र समजावलं, मातीत काडीनं आकृती काढून दाखवली. त्यानं मुकाट्यानं ऐकलं आणि विचारलं, मग राहिलेल्या कणसांचं काय करायचं. अण्णांनी त्या कणसांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. माझे मेहुणे कुर्डुवाडीला जायला निघाले होते. त्यांना दुपारच्या गाडीत बसवून दिलं आणि म्हटलं, आलोच आहोत तर अण्णांना बोटं दाखवून जावं. पार्सल ऑफिसात कुणी नव्हतं. मागच्या बाजूला चादरींचे गठ्ठे रचले होते, त्यांच्या आडून कांदा फोडल्याचा आवाज आला. मी डोकावलो.

अण्णा एका उपड्या खोक्यावर बसले होते. पुढ्यात कागद, कागदावर ज्वारीच्या दोन दांडग्या भाकरी, भरलं वांगं, लाल ठेचा, बुक्की मारून फोडलेला कांदा. तिसरी भाकरी त्यांच्या हातात होती आणि निम्म्याच्या वर संपली होती. दिवसभर गठ्ठे उचलणारा, चांगली भूक असलेला माणूस जसा जेवतो, तसे ते जेवत होते.

माझ्या मनात आधी एवढंच आलं, की हा माणूस आता कोसळणार. मी धावत गेलो आणि त्यांच्या हातातली भाकरी काढून घेतली. निधान, अण्णा, निधान, सावकाश, असं त्यांचंच त्यांना सांगायला लागलो. एवढं खाल्ल्यावर आडवं व्हायला हवं, डॉक्टरला बोलावू का, घाम येतोय का. अण्णा तोंडातला घास चावत माझ्याकडे बघत राहिले. घास गिळला. मग खाली बघत म्हणाले,

“मास्तर, ती भाकरी द्या. माझं पोट शाबूत आहे.”

मी भाकरी परत दिली. दुसरं काय करणार. पण मला राग आला होता. तीन वर्षं आम्ही या माणसापुढे सदरे वर केले होते, रडलो होतो, याच्या काट्यावर उभे राहिलो होतो, आणि हा आमच्यातला नव्हताच. मी तसं बोलूनही दाखवलं. अण्णांनी भाकरी कागदात गुंडाळून ठेवली. त्यांना ती पुढे जाईना. मग त्यांनी सांगितलं ते असं.

ऑपरेशन त्यांच्या पत्नीचं झालं होतं, शिवलीलाबाईंचं. माझ्या आधी वर्षभर. त्याआधी ही बाई म्हणजे सगळ्या रेल्वे लायनीत पंगतींची पुढारी. कुणाकडे काही कार्य असलं की पन्नास माणसांची होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी, एकटी लाटायची, आणि मग बायकांच्या पंगतीत बसून सगळ्यांना हसवत जेवायची. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी बहिणीच्या नातवाचं बारसं निघालं, मैंदर्गीला. तिथं बायकांनी बोलायला सुरुवात केली. शहरात राहून मोठी झाली, आता आमचं अन्न गोड लागत नाही. बहिणीचं मन राखायला म्हणून तिनं दोन होळग्या खाल्ल्या. अर्ध्या तासात घामानं भिजली, बोलता येईना, भर मांडवात पडली. कुणी म्हणालं अंगात आलं, कुणी म्हणालं बाधा आहे, आणि बाळाला तिच्यापासून दूर नेलं. ते बाळ दूर नेलेलं तिनं पडल्या पडल्या पाहिलं.

त्या दिवसापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. कुणासमोर जेवली नव्हती. अण्णांच्या समोरसुद्धा नाही.

“पूर्वी ड्यूटीवरून आलो की आम्ही दोघं एकत्र बसायचो,” अण्णा म्हणाले. “आता मला वाढते, माझं झालं की आत जाते. दार लावते. चार वर्षं झाली, मी तिला घास घेताना पाहिलेलं नाही.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की अशाच आजारातून गेलेल्या माणसांत हिला न्या. ती यायला तयार नव्हती. आपलं ऑपरेशन झालंय हे कुणाला कळू देणार नाही, अशी तिनं अण्णांना शपथ घातली होती. तेव्हा अण्णांनी विचार केला, की ही माणसांकडे जात नाही, तर माणसं घरी आणू. धडधाकट माणसाच्या घरी अशी माणसं कशाला येतील, म्हणून आम्ही आपणहून त्यांना पोट कापलेलं समजलो तेव्हा त्यांनी आम्हाला तसंच समजू दिलं. आमच्याबरोबर वाटीभर खायचं आणि भूक पार्सल ऑफिसात भागवायची. घरीसुद्धा ते वाटीभरच जेवत. तिच्यापुढे बसून तीन भाकरी खायची त्यांना चोरी वाटायची.

आणि ती पडद्यामागे बसून सगळं ऐकायची. आम्ही उठून गेलो की अण्णांना विचारायची, तो मास्तर आज खोकत का होता, शिंप्याच्या वाटीत भात उरला होता तो का, पारूबाईला अजून चक्कर येते का. आमचे आवाज तिला ओळखू येत होते. नरसय्याचं गाणं ती स्वयंपाक करताना गुणगुणायची. पडद्याबाहेर मात्र कधी आली नाही.

मी म्हणालो, तुम्ही असता तोवर त्या कशाला येतील. ताट तुम्ही आणता, बोलता तुम्ही, हवं नको तुम्ही बघता. एखाद्या रविवारी तुम्ही नसलात तर? अण्णा घाबरले. ती एकटी पडेल म्हणाले. मग बराच वेळ गठ्ठ्यांवरची लेबलं सारखी करत राहिले. तुमची शपथ माझ्याकडून मोडणार नाही असं सांगून निघालो.

दोन महिने काही झालं नाही. तिसऱ्या महिन्यात शाळेबाहेर अण्णा उभे होते. एष्टु सल विचारलं नाही. सायकलच्या घंटीशी चाळा करत म्हणाले, की ह्या रविवारी मला ड्यूटी आहे, तुम्ही मंडळी जमा, मी संध्याकाळपर्यंत येत नाही. रविवारी दुपारी त्यांना ड्यूटी नसते हे मला ठाऊक होतं. मी बरं म्हणालो.

रविवारी आम्ही चौघं अंगणात बसलो. ऊन रणरणत होतं. अण्णा नाहीत म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे फिरून फिरून दाराकडे जात होते. चार वाजले, सव्वाचार झाले. पडद्यामागे भांड्यांचा आवाज येऊन थांबला होता. ताट बाहेर येईना. नेहमी ते घ्यायला अण्णा दाराशी असत. आज मी जाऊन घेऊ शकलो असतो. मी गेलो नाही. 

पारूबाई त्या दिवशी मंडईतून उन्हात चालत आली होती, सकाळपासून उपाशी. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला, हात कापायला लागले, ओठ पांढरे पडले. इक्बालभाई पाणी आणायला उठले. तेवढ्यात पडदा बाजूला झाला.

अंगानं बारीक, पांढऱ्या केसांची, हिरव्या लुगड्यातली बाई दारात उभी होती. क्षणभर तिचा पाय उंबऱ्यावर अडला. मग ती सरळ पारूबाईपाशी आली.

“पाणी नको, इक्बालभाई,” त्या म्हणाल्या. “एकदम काही देऊ नका. आधी आडवं करा.”

हातातल्या वाटीत गुळाचं पातळ पाणी होतं; उपाशी राहून असं गळाल्यावर तेवढं गोड थेंबाथेंबानं चालतं. चमच्यानं त्यांनी ते दोन वेळा पारूबाईच्या ओठांना लावलं, थांबल्या, पुन्हा लावलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत राहिल्या. मला म्हणाल्या, मास्तर, आतलं ताट आणा, वाट्या भरलेल्या आहेत. नरसय्यांना म्हणाल्या, तुम्ही सावलीत सरका. आमच्यातल्या कुणालाही त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं, पण नाव एकाचंही चुकलं नाही.

थोड्या वेळानं पारूबाईच्या तोंडावर रंग आला. ती उठून बसली. तिनं त्या बाईकडे नीट पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, “अक्का, तुमचंबी कापलंय व्हय?”

शिवलीलाबाईंनी चमचा वाटीत ठेवला. मग मान डोलावली.

पारूबाईनं ताटातली एक वाटी स्वतःला घेतली आणि दुसरी त्यांच्या हातात ठेवली. घ्या म्हणाली नाही. आपली खायला लागली. आम्ही तिघांनीही आपापल्या वाट्या उचलल्या आणि वाट्यांतच बघत राहिलो. नरसय्या गुणगुणायला लागले. मी एकदाच नजर वर केली. शिवलीलाबाईंनी भात बोटांनी सारखा केला, लहानसा घास घेतला आणि चावत राहिल्या.

मला तिथं बसवेना. हात धुण्याचं निमित्त करून मी फाटकाबाहेर आलो. भिंतीच्या कडेला, जिथं सावलीचा तुकडाही नव्हता, अण्णा सायकल धरून उभे होते. पाठीवर खाकी सदरा घामानं चिकटला होता. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

“बाहेर आली?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“जेवतेय?”

“जेवतायत. सगळ्यांबरोबर.”

अण्णांनी दोन्ही हातांनी सायकलचा दांडा घट्ट धरला. तोंड दुसरीकडे वळवलं. आतून पारूबाईचं बोलणं ऐकू आलं आणि पाठोपाठ एक हसू. मला अनोळखी. अण्णांची मान झटकन तिकडे वळली.

मी म्हणालो, चला अण्णा, आत चला. ऊन फार आहे.

“नको,” ते म्हणाले. “मला बघितलं की वाढायला उठेल. तिचं होऊ दे.”